स्कोअरबुक घेऊन कूपर्सटाउनला

पुण्यातल्या क्लबच्या आणि शाळांच्या क्रिकेट सामन्यांत मी २७ वर्षे गुणलेखन केले. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंच्या वह्या ताडून पाहायच्या आणि एका धावेचाही फरक निघाला, तर चेंडू न् चेंडू उलगडत चूक शोधायची, ही सवय हाडीमांसी खिळलेली आहे. त्यामुळे न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या भाच्याने, "मावशी, या वेळी काय पाहायचंय?" असे विचारले, तेव्हा मी बेसबॉल असे सांगितले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले जे खेळाडू मला केवळ आकड्यांतून ठाऊक होते, त्यांची घरे, मैदाने आणि समाध्या पाहायच्या आणि शेवटी कूपर्सटाउनचे बेसबॉल संग्रहालय गाठायचे, असा सहा दिवसांचा बेत ठरला. सामानात एक कोरे स्कोअरबुकही घेतले.

पहिला दिवस : बाल्टिमोर

सकाळी मेट्रोपार्क स्थानकावरून आगगाडीने निघाले आणि अडीच-पावणेतीन तासांत बाल्टिमोरला पोहोचले. कॅम्डन यार्ड्स या मैदानाच्या दाराशी बेब रूथचा तरुणपणीचा पुतळा आहे आणि तिथून त्याच्या जन्मघरापर्यंत पदपथावर ६० चेंडू रंगवलेले आहेत. १९२७ च्या एकाच हंगामात त्याने जे ६० होम रन मारले, त्यांची ही खूण आहे. होम रन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार, परंतु त्यावर फलंदाजासह बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, उभे असलेले सगळे साथीदार धाव पूर्ण करतात. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या उरलेल्या सात संघांपैकी एकाही संघाला सगळ्या खेळाडूंचे मिळून ६० होम रन मारता आले नव्हते. या एका आकड्यावरून रूथने खेळ किती बदलून टाकला, हे कळते. त्याच्याआधी बेसबॉल हा एकेक बेस पुढे सरकत धाव जमवण्याचा खेळ होता.

पुतळ्याजवळ थोडा वेळ थांबले. रूथ डावखुरा होता, पण पुतळ्यासोबतचा ग्लव्ह उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याचा आहे. शिल्पातली चूक म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते, परंतु सातव्या वर्षी त्याला ज्या सेंट मेरीज औद्योगिक शाळेत ठेवले गेले, तिथे डावखुऱ्यांसाठी ग्लव्ह नव्हतेच. चेंडू डाव्या हातातल्या ग्लव्हने झेलायचा, ग्लव्ह झटकून टाकायचा आणि त्याच हाताने चेंडू फेकायचा, अशी युक्ती त्याने तिथे शिकून घेतली होती. ब्रदर मॅथायस या धिप्पाड शिक्षकांनी त्याला खेळ शिकवला आणि शाळेच्या शिवणखात्यात तो सदरेही शिवायला शिकला.

एमरी स्ट्रीटवरचे २१६ क्रमांकाचे घर विटांचे, अरुंद आणि शेजारच्या घरांना चिकटलेले आहे. हे त्याच्या आईच्या वडिलांचे घर. इथे तो ६ फेब्रुवारी १८९५ रोजी जन्मला, पण स्वतः तो कित्येक वर्षे आपली जन्मतारीख ७ फेब्रुवारी १८९४ मानत होता. १९३४ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी पारपत्र काढताना जन्मदाखला हाती आला, तेव्हा त्याला खरी तारीख समजली. ज्याचा प्रत्येक फटका वर्तमानपत्रांनी मोजला, त्याच्या आयुष्यातली पहिलीच नोंद चाळिशीपर्यंत चुकीची राहिली, हे वाचून मी स्कोअरबुकच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा टिपून घेतल्या.

परतताना पुन्हा मैदानावरून गेले. रूथच्या वडिलांचा गुत्ता एके काळी जिथे होता, ती जागा आता या मैदानाच्या मध्यभागातल्या हिरवळीखाली आहे. याच मैदानावर ६ सप्टेंबर १९९५ रोजी कॅल रिप्केन सलग २,१३१ वा सामना खेळला आणि लू गेरिगचा ५६ वर्षे टिकलेला विक्रम मोडला. सामना नियमाने ग्राह्य ठरताच समोरच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवरचा आकडा २१३० वरून २१३१ झाला आणि टाळ्यांचा गजर वीस मिनिटांहून अधिक काळ चालला. एका आकड्याच्या बदलासाठी एवढे लोक उभे राहिले, याचे मला फार समाधान वाटते.

दुसरा दिवस : ब्रुकलिन

ब्रुकलिनमध्ये पहिल्यांदा ग्रीन-वूड दफनभूमीत गेले, कारण माझ्या व्यवसायाच्या मूळ पुरुषाला वंदन करायचे होते. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला आणि लहानपणीच ब्रुकलिनला आलेला पत्रकार आधी क्रिकेटचे वार्तांकन करत असे. क्रिकेटच्या धावफलकाची कल्पना उचलून त्याने बेसबॉलसाठी बॉक्स स्कोअर नावाचा तक्ता रूढ केला. प्रत्येक खेळाडूपुढे त्याच्या खेळी, धावा आणि हिट (ज्यांवर फलंदाज सुखरूप बेस गाठतो असे फटके) यांचे रकाने असलेला तो तक्ता वर्तमानपत्रांत दररोज छापला जाऊ लागला. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन योग्य चेंडू वाया घालवून, बाद झालेल्यासाठी जे 'के' हे अक्षर आजही लिहितात, तेही त्याच्याच पद्धतीतून आले. चॅडविक १९०८ मध्ये वारला. त्याच्या स्मारकस्तंभाच्या माथ्यावर दगडी बेसबॉल आहे.

तिथून माँटेग्यू स्ट्रीटवर आले. २१५ क्रमांकाच्या जागी ब्रुकलिन डॉजर्सचे कार्यालय होते आणि तिथेच २८ ऑगस्ट १९४५ रोजी संघाचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला भेटायला बोलावले होते. रिकींनी त्या भेटीत विरोधकांचे, प्रेक्षकांचे, हॉटेलातल्या कारकुनाचे सोंग घेऊन रॉबिन्सनला अपमानास्पद शब्द ऐकवले आणि उलट हात न उचलण्याचे धैर्य तुझ्यात आहे का, असे विचारले. रॉबिन्सन सोशीक स्वभावाचा मुळीच नव्हता. लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून १९४४ मध्ये त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला होता. अशा माणसाने स्वतःला आवरून धरले, त्यासाठी किती ताकद लागली असेल, याचा विचार करत मी बराच वेळ त्या रस्त्यावर उभी होते.

एबेट्स फील्ड आता नाही. डॉजर्स संघ १९५७ चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये मैदान पाडले गेले आणि त्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. भिंतीवरची छोटी पाटी सोडली, तर इथे काही घडून गेले याची खूण नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी सुमारे २६ हजार प्रेक्षकांसमोर रॉबिन्सन इथे पहिल्या बेसवर उभा राहिला आणि विसाव्या शतकातल्या मेजर लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल लीग मिळून होणाऱ्या सर्वोच्च स्पर्धेत) कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी बंद असलेले दार उघडले. त्या दिवसाच्या बॉक्स स्कोअरमध्ये त्याच्या नावापुढे तीन खेळी, एक धाव आणि शून्य हिट एवढेच आहे. सातव्या डावात त्याने हलकेच टेकवलेल्या चेंडूवर क्षेत्ररक्षकाची चूक झाली, तो बेसवर पोहोचला आणि नंतर साथीदाराच्या फटक्यावर धाव घेऊन आला. मी ही ओळ इमारतीच्या कट्ट्यावर बसून स्कोअरबुकात उतरवली. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९४९ मध्ये .३४२ या सरासरीने नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. बेसबॉलमध्ये हिटला खेळींनी भागून सरासरी काढतात आणि दहांत तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाजही उत्तम मानतात, हे ठाऊक असले म्हणजे .३४२ चे मोल समजते.

तिथे बसले असताना बाळू पालवणकरांची आठवण येणे अपरिहार्य होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबचे मैदान राखता राखता घडलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदू संघाचा आधारस्तंभ झाला आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी पुण्यात चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई आणि कर्णधारपद जातीमुळे अखेरपर्यंत मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. ज्या शहरात मी आयुष्यभर गुणलेखन केले, त्या शहरातली ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीनंतर कळली, याची खंत आहे.

संध्याकाळ होण्याआधी सायप्रस हिल्स दफनभूमीत पोहोचले. रॉबिन्सन १९७२ मध्ये अवघ्या ५३ व्या वर्षी गेला. आयुष्याला महत्त्व येते ते दुसऱ्यांच्या आयुष्यावर त्याचा जो परिणाम होतो त्यामुळेच, अशा अर्थाचे त्याचे वाक्य थडग्याच्या दगडावर कोरलेले आहे. दगडाच्या पायाशी कोणीतरी चेंडू ठेवले होते. पावसाने त्यांचे चामडे फुगले होते, पण एका चेंडूवर निळ्या शाईने लिहिलेला ४२ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. त्याचा हा क्रमांक १९९७ मध्ये सर्वच संघांनी कायमचा निवृत्त केला.

तिसरा दिवस : हार्लेम आणि ब्राँक्स

सकाळी पोलो ग्राउंड्सची जागा पाहिली. न्यूयॉर्क जायंट्सचे हे मैदान १९६४ मध्ये पाडले गेले आणि इथेही निवासी मनोरे आहेत. टेकडीवरून मैदानाकडे उतरणारा जॉन ब्रश यांच्या नावाचा जिना तेवढा शिल्लक आहे. क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत) सहा दिवसांत तीन सामने खेळून प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही, तो याच संघाकडून. आणि १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विली मेजने प्रेक्षकांकडे तोंड आणि खेळाकडे पाठ करून, धावत धावत डोक्यावरून येणारा चेंडू झेलला, तो इथेच. बेसबॉलच्या नोंदणीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो. पिचर १, फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर २, याप्रमाणे मोजत गेले की मधल्या दूरच्या मैदानातला खेळाडू ८ ठरतो. त्यामुळे ज्या झेलाचे वर्णन आजही संपत नाही, तो त्या दिवशीच्या स्कोअरबुकात ८ या एकाच आकड्याने लिहिला गेला असणार. गुणलेखकाला विशेषण लिहायची मुभा नसते, आणि नसावीच, असे माझे मत आहे.

दुपारी, रूथ आणि गेरिग ज्या यांकी संघाकडून खेळले, त्याच्या यांकी स्टेडियममध्ये सामना पाहिला. १९२३ चे मूळ स्टेडियम रस्त्यापलीकडे होते. तिथे आता सार्वजनिक मैदाने आहेत आणि मी गेले तेव्हा शाळकरी मुले खेळत होती. नव्या स्टेडियममधल्या स्मारक उद्यानात सामन्यापूर्वी जाता येते. मिलर हगिन्स हे प्रशिक्षक, गेरिग आणि रूथ यांच्या तीन शिळा पूर्वी प्रत्यक्ष खेळाच्या सीमेच्या आत उभ्या असत. १९२९ मध्ये यांकी संघाने खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक घातले, ते फलंदाजीच्या क्रमाने. म्हणून रूथ ३ आणि गेरिग ४.

माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ मांडीवर फळी ठेवून सामना लिहीत होते. मी माझे पेन काढून पहिली चौकट भरायला घेतली, तेव्हा त्यांनी खिशातली आखूड पेन्सिल माझ्यापुढे धरली. हिट होती की क्षेत्ररक्षकाची चूक, हे अधिकृत गुणलेखक ठरवतो आणि आपला निर्णय तो सामन्यानंतरही बदलू शकतो, म्हणून इथे शाईने लिहीत नाहीत, असे त्यांनी समजावले. छोट्या चौकोनात पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखे मैदान, फलंदाज जिथवर पोहोचला तिथवर जाड रेघ, धाव पूर्ण झाली की आतला भाग काळा करायचा. ६-४-३ असे लिहिले की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघे कसे बाद झाले, हे वर्षानंतरही डोळ्यांपुढे उभे राहते. फलंदाज तिसरा स्ट्राइक नुसता पाहत उभा राहिला, तर 'के' उलटा लिहितात. नऊ डावांत आमचे मोजून पाच-सहा वाक्यांचे बोलणे झाले असेल, पण निघताना दोघांच्या वह्या आम्ही ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. पेन्सिल त्यांनी मलाच ठेवायला सांगितली.

चौथा दिवस : व्हलहॅला आणि हॉथॉर्न

शहराच्या उत्तरेला जाणाऱ्या गाडीने व्हलहॅला गाठले. केन्सिको दफनभूमी स्थानकापासून जवळच आहे. लू गेरिग हा जर्मन स्थलांतरित दांपत्याचा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकला. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत तो सलग २,१३० सामने खेळला. १९३९ च्या हंगामात त्याला साधे चेंडूही जड जाऊ लागले आणि २ मे रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतः प्रशिक्षकांना आपले नाव काढायला सांगितले. संघाचा कर्णधार या नात्याने नव्या फलंदाजीक्रमाचा कागद त्यानेच पंचांकडे नेऊन दिला. स्वतःचे नाव नसलेला कागद हातात घेऊन मैदानावर चालत जाणे किती कठीण असेल, ते शब्दांत सांगता येणार नाही. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमध्ये स्नायूंवरचा ताबा हिरावून घेणाऱ्या असाध्य रोगाचे निदान झाले. तो रोग अमेरिकेत आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. ४ जुलैला भरलेल्या स्टेडियममध्ये त्याने आपण पृथ्वीवरचे सर्वांत भाग्यवान आहोत असे सांगितले आणि २ जून १९४१ रोजी तो गेला.

त्याच्या दगडावर जन्मवर्ष १९०५ कोरलेले आहे. खरे वर्ष १९०३ आहे. चौदा वर्षे एकही दिवस न चुकवणाऱ्या माणसाच्या दगडावर दोन वर्षांची चूक राहावी, याने मला खरोखर वाईट वाटले. मी पुन्हा पुन्हा जवळ जाऊन पाहिले आणि माझ्या वहीत मात्र १९०३ लिहिले.

काही मैलांवर हॉथॉर्नला गेट ऑफ हेवन दफनभूमीत रूथ आहे. ख्रिस्ताच्या शेजारी उभा असलेला लहान मुलगा, असे शिल्प त्याच्या दगडावर आहे. पायाशी चेंडू, टोप्या, एक छोटी बॅट आणि नाण्यांची रास होती. रूथ आणि गेरिग काही वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, पण १९३९ च्या त्या समारंभात रूथने गेरिगला मिठी मारली. त्यांच्या समाध्या इतक्या जवळ असाव्यात, हे मला बरे वाटले.

पाचवा दिवस : कूपर्सटाउन

भाच्याने सुट्टी काढली आणि आम्ही मोटारीने चार तासांत कूपर्सटाउनला पोहोचलो. ऑटसीगो सरोवराकाठचे हे टुमदार गाव आहे. ॲबनर डबलडे याने १८३९ मध्ये इथे बेसबॉल शोधला, असा निर्वाळा एका समितीने १९०७ च्या सुमारास दिला आणि त्यावर विसंबून १२ जून १९३९ रोजी संग्रहालय उघडले. प्रत्यक्षात १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. संग्रहालय आज ही दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगते, हा प्रामाणिकपणा मला भावला.

काशाच्या फलकांचे दालन देवळाच्या सभामंडपासारखे उंच आणि शांत आहे. सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या 'हॉल ऑफ फेम' या सन्मानयादीसाठी १९३६ मध्ये निवडलेले पहिले पाच जण म्हणजे टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. २२६ मतपत्रिकांपैकी २२२ वर कॉबचे आणि प्रत्येकी २१५ वर रूथचे व वॅग्नरचे नाव होते. मॅथ्यूसन त्याआधीच, १९२५ मध्ये, क्षयाने गेला होता. पिचर जॉन्सनने ४१७ सामने जिंकले आणि त्यांपैकी ११० सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही.

कॉबच्या फलकावर ४,१९१ हिटचा उल्लेख आहे. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. १९१० मध्ये सर्वोच्च सरासरीच्या फलंदाजाला मोटारगाडी मिळणार होती आणि कॉब व नॅप लाजवे यांच्यात चुरस होती. शेवटच्या दिवशी सेंट लुईस संघाने लाजवेसाठी तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मुद्दाम मागे उभा केला आणि त्याला आठ हिट मिळाल्या. चूक म्हणून लिहिलेल्या आणखी एका फटक्याची हिट करावी, यासाठी गुणलेखकाला नव्या सुटाचे आमिष दाखवले गेले. गुणलेखकाने ते नाकारले. त्याच्या जागी मी असते, तर काय केले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या वेळी तिथे दबाव किती असेल, तेही मी समजू शकते. शेवटी .३८५ विरुद्ध .३८४ असा कॉब विजयी ठरला आणि गाड्या दोघांनाही मिळाल्या. सत्तर वर्षांनी संशोधकांना असे आढळले की, कॉबचा एक सामना त्या हंगामात दोनदा धरला गेला होता. दोन हिट जास्त मोजल्या गेल्या होत्या आणि खरी बेरीज ४,१८९ होते. १९८१ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी विजेता बदलायला नकार दिला. फलकावरचा आकडाही तसाच आहे.

सहावा दिवस : कूपर्सटाउन, सकाळ

शेजारच्या बागेत डॉजर्सचा कॅचर रॉय कॅम्पानेला आणि पिचर जॉनी पॉड्रस यांचे पुतळे नेमके ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे पिचरची जागा आणि फलंदाजाजवळची होम प्लेट यांच्यात असते तेवढ्या अंतरावर आहेत. आपल्या २२ यार्डांपेक्षा हे अंतर साडेपाच फुटांनी कमी आहे. मी ते चालून पाहिले आणि इतक्या जवळून जॉन्सनचा चेंडू कसा दिसत असेल, याची कल्पना करून अंगावर काटा आला. जवळच सॅचेल पेजचा पुतळा आहे. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये उभे आयुष्य काढल्यावर १९४८ मध्ये, ४२ व्या वर्षी त्याला मेजर लीगमध्ये चेंडू टाकायला मिळाला. विख्यात फलंदाज टेड विल्यम्सने १९६६ मध्ये इथे स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात पेज आणि जॉश गिब्सन यांनाही इथे जागा मिळाली पाहिजे, असे स्पष्ट सांगितले होते. १९७१ मध्ये पेजची निवड झाली. आधी कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करण्याचा विचार होता, पण त्यावर टीका झाल्यानंतर तो सोडून दिला गेला.

गिब्सनचा फलक शेवटी पाहायचा, असे मी ठरवूनच आले होते. हा कॅचर रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, २० जानेवारी १९४७ रोजी, ३५ व्या वर्षी वारला. पिट्सबर्गमधल्या त्याच्या थडग्यावर १९७५ पर्यंत दगडही नव्हता. फलकावर त्याने 'जवळजवळ ८००' होम रन मारल्याचे लिहिले आहे. या दालनात रूथच्या, कॉबच्या, जॉन्सनच्या नावापुढे नेमके आकडे आहेत आणि गिब्सनपुढे जवळजवळ. कोणत्याही स्कोअरबुकात तो शब्द लिहिण्यासाठी रकाना नसतो. त्याचे बरेच सामने गावोगावी, प्रदर्शनीय म्हणून झाले. काहींचे तक्ते कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत छापले गेले, कित्येकांचे कोणीच लिहिले नाहीत. संशोधकांनी वर्षानुवर्षे ती जुनी वर्तमानपत्रे चाळून एकेक बॉक्स स्कोअर गोळा केला आणि मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या त्या लीगच्या नोंदी मेजर लीगच्या अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाल्या. त्यानुसार आजवरच्या सर्वोच्च सरासरीचा मान कॉबकडून गिब्सनकडे आला. कॉबची .३६७, गिब्सनची .३७२. शोध अजून चालू आहे. एखादे पिवळे पडलेले पान सापडले, तर हा आकडा पुन्हा बदलेल.

"मावशी, निघायचं का? पाऊस येईलसं दिसतंय," भाचा दारातून म्हणाला. मी त्याला दोन मिनिटे थांबायला सांगितले, समोरच्या बाकावर बसले, स्कोअरबुकचे शेवटचे पान उघडले आणि जॉश गिब्सन असे नाव लिहून त्यापुढे .३७२ हा आकडा ब्राँक्समध्ये मिळालेल्या पेन्सिलीने लिहिला.